तिसरा वाडगा

रविवार, १२ मार्च

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. बाबांच्या पायाची सूज उतरली. दुकानात मी नेहमीसारखी लोकांच्या पँटी आखूड करतेय. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मला तुझ्याशी फार सहज खोटं बोलता येतं, म्हणून लिहायला बसले.

बाबांना दर रविवारी दुपारी बाहेर जेवायला न्यायचा नेम मी मोडलेला नाही. गल्लीच्या टोकाचं चायनीज फूडकोर्ट आठवतं ना, आपली परीक्षा संपली की बाबा न्यायचे ते? पाच गाळ्यांपैकी तीन उरलेत. टेबलं तीच, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. टोकनचा लाल आकडा लागला की ट्रे आणायला अजून मीच धावते. सूपवाल्या काकू आता विचारतही नाहीत. बाबा तीन बोटं दाखवतात, त्या तीन वाडगे नूडल्स सूप भरतात.

आम्ही माणसं दोन.

बाबांना आता मोजताही येत नाही, असं मी तुला हसत हसत सांगायचे. मग त्या दिवशी तू विचारलंस, "मला ओळखतील का गं?" आणि मी म्हटलं, नाही ओळखणार, उगीच जिवाला लावून घेशील, नको येऊस. तू तिकीट रद्द केलंस आणि रडलीस. मी तुझी समजूत काढली. फोन ठेवला आणि चहा करून प्याले. तो चहा मला गोड लागला, हेही लिहूनच टाकते.

बाबांना मोजता येतं, छोटे. तिसरा वाडगा ते रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतात आणि चॉपस्टिकनं त्यातली कांद्याची पात काढत बसतात. पात निसटते, पुन्हा पकडतात. तोवर त्यांचं स्वतःचं सूप गार होतं. आपल्या घरात पात नेमकी कोणा एकीला चालत नाही, हे तुला सांगायला नको. माझ्या वाडग्यात मात्र न विचारता मिरचीचं तेल ओततात. मला तिखट सोसत नाही, हे मी त्यांना आठ वर्षांची असल्यापासून सांगतेय.

तुझा राग येतो मला. अंघोळ मी घालते, गोळ्या मी देते, नखं मी कापते आणि पात तुझी निवडली जाते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खरं. बावन्न वर्षांची बाई एका रिकाम्या खुर्चीवर जळते, हे कोणी ऐकलं तर हसेल. हसू दे.

आज मी काकूंना दोनच वाडगे सांगितले. मुद्दाम. बाबांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्वतःचा वाडगा त्यांनी त्या खुर्चीपुढे सरकवला आणि पात काढायला लागले. मी म्हटलं, बाबा, खा ना, गार होतंय. तर परक्या माणसाशी बोलावं तसं अगदी अदबीनं म्हणाले, "तुम्ही सुरू करा बाई. माझी धाकटी यायचीय. ती आली की मी बसतो."

"आणि थोरली?" मी विचारलं.

पातीचा एक तुकडा काढून त्यांनी ट्रेच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "ती घरीच असेल. ती असतेच."

मी उठले आणि पुन्हा रांगेत उभी राहिले. काकूंनी आपणहून विचारलं, तिसऱ्यात पात घालू नको ना? मी म्हटलं, घाला, नेहमीपेक्षा थोडी जास्तच घाला. त्यांना काढायला हवी ना.

तर खरं हे असं आहे. बाबा विसरलेत ते मला. तुला नाही. मी उलटं सांगितलं.

तिकीट काढ. ये, त्या खुर्चीवर बस आणि तो वाडगा एकदाचा खाऊन टाक. मी समोर बसून थोडी जळेन, तेवढं चालवून घे.

मला या नावानं हाक मारणारं आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून सही नीट अक्षरात करते.

तुझी,
ताई