न बघितलेली सौम्या

शहापूर, बेळगाव
२८ जानेवारी २०२६

चि. अक्काताईस अ. उ. आ.

आबांच्या हातमागाचा खट-खटाक आवाज आज पहाटे कानात घुमला. त्या तालावर आपण शाळेतल्या कविता पाठ करायचो. आता वाटतं, यंत्रमागाच्या मोटारीभोवती असतं तसं विद्युतचुंबकीय क्षेत्र माणसाच्या मनाभोवतीही असणार. ते बिघडू नये म्हणून मोबाईल ट्रंकेत टाकलाय, पत्रावरच भागव.

तू आणलेलं कोगनोळीचं स्थळ ८ तारखेला सौम्याला बघायला येणार. त्यांना थांबव. माझी नात क्वांटम शिकते. तीच सांगते, सूक्ष्म कण कुणी बघेपर्यंत अनेक अवस्थांत असतो. बघितला की एकच उरते. आज सौम्या संशोधनाला बंगळूरला निघालेलीही आहे आणि कोगनोळीत नांदणारीही. चौघांनी सतरंजीवर बसून तिला बघितलं, की बंगळूर गेलंच. सूनबाईंना हे पटत नाही.

लोभाचं क्षेत्र निपाणीपर्यंत पोचतंय, तेवढं राहू दे.
तुझा, मारुतीअण्णा

निपाणी
२ फेब्रुवारी

ती. अण्णास शि. सा. न.

पत्र वाचून आमचे हे लई हसले. मी न्हाय. मला बघायला आलते तवा पाहुण्यांना पाणी तुम्हीच दिलंत. सातवीत पहिली आलते मी. माझ्या अवस्था कुठं गेल्या, अण्णा?

तरी कोगनोळीला निरोप धाडलाय, मुलगी बघायची न्हाय म्हणून. मुलाच्या आईनं विचारलं, पोरीत खोट हाय का. खोट न्हाय, क्वांटम हाय, म्हटलं. तर म्हणाली, डॉक्टरला दावलं का?

डोक्याला लोहचुंबक लावून फिरू नका. माया पातळ करू नका.
तुमची, अक्काताई

शहापूर
८ फेब्रुवारी

चि. अक्काताईस अ. उ. आ.

तुझ्या वेळी पाणी मीच दिलं, हे खरं. सौम्याला मात्र सकाळपासून माडीवर ठेवलं आणि न बघता दाराखालून चहाची बशी सरकवली. ती वैतागली. म्हणाली, मी इलेक्ट्रॉन न्हाय आजोबा. पोरगी बंगळूरला जाणार, एवढं आईला तोंडानं सांगा की. हे मला सुचलंच नव्हतं. खाली येऊन सांगितलं. सूनबाई रडल्या, मग पोह्यांवर ताट झाकून बंगळूरला थंडी किती असते, ते विचारू लागल्या.

आहे तसा लोभ असू दे.
तुझा, अण्णा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात कडी वाजली. निरोप गेलेला, त्यामुळं कुणाची वाट नव्हती. दारात कोगनोळीच्या स्थळाचा मुलगा स्वरूप, इस्त्रीच्या शर्टात, एकटाच, डोळे घट्ट मिटून उभा. सौम्या बंगळूरला जाणार, हे मी उंबऱ्यातच सांगून टाकलं. तो म्हणाला, “जाऊ द्यात की. मी बघायला न्हाय आलो आजोबा, सौम्यांनी मला बघावं म्हणून आलोय. डोळं कवा उघडू?”