नांदुऱ्यात मी प्रश्न थांबवला

बुधवार, संध्याकाळ. बुलढाणा.

अजून विश्वास बसत नाही. आज दुपारी नांदुऱ्यात मुलींच्या शिक्षणावर बोलत होतो. भाषण रंगात आलं होतं आणि पुढच्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. "सर, एक इचारू का?" मी तळहात पुढे केला आणि म्हणालो, "थांबा ताई, रेकॉर्डिंग चालू आहे."

हे मी म्हणालो? समोरच्यानं मध्येच अडवावं, म्हणून तर मी भाषणं करायला लागलो!

"मंग मोबाइललेच सांगा नं, आमाले काऊन बोलावलं?" बाई म्हणाल्या. सभागृह हसलं. मीही हसलो आणि भाषणातलं तुटलेलं वाक्य पुन्हा म्हटलं. रीलसाठी. बाई निघून गेल्या.

पूर्वी शेवटचा अर्धा तास प्रश्नांचा असे. आता त्या वेळात टाळीची वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करतो. सकाळचा वाचनाचा वेळही रील बनवण्यातच जातो. लोकांपर्यंत पोचायचं म्हणून. कोणत्या लोकांपर्यंत? त्या बाई तर चार हातांवर उभ्या होत्या.

तो तळहात डोळ्यांसमोरून हलत नाही. वाहतूक पोलिसासारखा.

घरी आल्या आल्या सवयीनं रील कापायला बसलो. बाईंचा आवाज काढून टाकला आणि मग हादरलो. त्यांना काय विचारायचं होतं, हे मला माहीतच नाही.

उद्या सकाळी रील नाही. संयोजकांकडून बाईंचा पत्ता घेतला आहे. पहिल्या बसनं नांदुऱ्याला जातो. घरात घेतलं तर बसून ऐकेन, नाही घेतलं तर दारात उभा राहून.