मागच्या टेबलावरचा खोकला

गुरुवार, ऑगस्ट २००९

बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, साठीचं जेवण आज हॉटेलात झालं. स्वाइन फ्लूमुळे शाळा बंद, थिएटरं बंद, पण टेबल आधीच सांगून ठेवलेलं. मला सातवा महिना. मागच्या टेबलावरचा माणूस सारखा खोकत होता आणि एसीचा वारा त्याच्याकडून थेट माझ्या मानेवर येत होता.

"अरे, बाहेर बागेत बसू या का?" मी नवऱ्याला, निनादला, हळूच विचारलं.

"आत्ताच वाढलंय. मास्क लाव ना."

मास्क लावून जेवायचं कसं? पुन्हा तो खोकला. मी ओढणी नाकाशी धरली.

तेवढ्यात सासूबाई स्वतःचं ताट उचलून उभ्या राहिल्या.

"अगं, लोक बघतायत," बाबा म्हणाले.

"बघू देत. फोटो हवा असेल तर तोही काढा म्हणावं. चल गं तू."

बाहेर डास होते. बाबा गाल फुगवून जेवले. पण त्याआधी मी आत किती वेळ बसले होते? घसा खरंच खवखवतोय, की नुसती भीती?

आत्ता सासूबाई येऊन कपाळाला हात लावून गेल्या. "ताप नाही," म्हणाल्या. हात मात्र लगेच काढला नाही.