जाड काठाचं नाणं

३ मार्च, सकाळ
हिच्या शिवणाच्या डब्यात चांदीचं नाणं सापडलं. काठ दुप्पट जाड, कडेची अक्षरं आत दुमडलेली. टांकसाळीची चूक, शंकाच नको! लाखात एक. आणि हिने ते बटणांत टाकलेलं. गाढवाला गुळाची चव काय!
ही जाऊन सात महिने झाले. डबा उघडायला सवड आजच मिळाली.
संकल्प : महिन्याभरात नाण्यांचा एक्स्पर्ट व्हायचं.

५ मार्च
भिंग आणि पुस्तक आणलं. पहिलंच पान : चूक खरी असेल तर ती ठसा उमटतानाच झालेली असते. नंतर कुणी ठोकलं-घासलं, तर ते नुसतं नुकसान. पुढची पानं वाचायची गरज वाटली नाही.
दुपारी चारला स्वयंपाकघरात पुन्हा टकटक. ही गेल्यापासून रोज येते. पाईप असणार.

८ मार्च
प्लंबर येऊन गेला. म्हणाला, काका, पाईप ठणठणीत आहे, मला तर आवाजच येत नाही. एवढ्या लहान वयात कान गेले बिचाऱ्याचे.

१२ मार्च
मुलीला फोनवर नाण्याचं सांगितलं. म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच आठवत नाही? म्हटलं, माझी मेमरी फर्स्टक्लास आहे. लग्नातली माझी अंगठी तुझ्या आईनेच हरवली, हेसुद्धा आठवतं. तिने फोन ठेवला.
(अंगठी मी पोहायला गेलो तेव्हा बोटात होती. पण तो मुद्दा वेगळा.)

१५ मार्च, सव्वाचार
भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण. टकटक सुरू झाली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "बंद कर ते!" मग ती थांबते. ही सवय कुठून लागली कळत नाही. हिच्यावर मी कधी आवाज चढवला नाही.

२० मार्च
नाणी विकणाऱ्याकडे गेलो. भिंगसुद्धा लावलं नाही त्याने. म्हणाला, चमच्याने ठोकलंय. काठावर, फिरवत फिरवत, रोज थोडं थोडं. त्याने काठ पसरतो, अक्षरं आत वळतात. शेवटी मधे भोक पाडलं की अंगठी. फार चिकाटीचं काम, अर्धवट राहिलंय.
उचलली जीभ, लावली टाळ्याला! तरी सहज विचारलं, कुणाच्या मापाची झाली असती? त्याने नाणं माझ्या बोटाशी धरून पाहिलं. मान डोलावली आणि परत दिलं.

२१ मार्च
चार वाजले. टकटक नाही.
साडेचार. नाही. "चालू दे," म्हटलं. दोनदा, हळू आवाजात. तरी नाही.
हिच्या खणात तळाशी चमचा सापडला, मागून ठेचलेला. सहापर्यंत ठोकत बसलो. मला जमत नाही.