एक 'नो' कमी

सोमवार, २२ सप्टेंबर
सार्वमताला अठरा दिवस. राज्यघटनेतली एक ओळ बदलायची की नाही, 'यस' की 'नो', एवढंच. कुठली ओळ ते इथेही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर माझा कल दिसायचा.
रेडिओने दोन्ही बाजूंना सारखंच तोलायचं, असा नियम. मागच्या सार्वमतात 'यस'वाल्यांच्या विनोदावर माईकसमोर चार सेकंद हसलो. तक्रार झाली, मंजूरही झाली. आमच्या रेडिओची मॅनेजर अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, आणखी एक तक्रार मंजूर झाली की सकाळचा कार्यक्रम दुसऱ्याकडे. एकोणीस वर्षं मी हा जिल्हा उठवतोय. भीती वाटते. पण यंदा बोट ठेवायला जागा ठेवणार नाही. दोन स्टॉपवॉच घेतली. उजव्या खिशात यसचं, डाव्या खिशात नोचं.

मंगळवार, २३ सप्टेंबर
खिसे बदलले. उजवं-डावं म्हणजे पुन्हा राजकारण.

गुरुवार, २५ सप्टेंबर, सकाळी ११
पहिली चर्चा. दोघांना नऊ मिनिटं दहा सेकंद. अगदी काटेकोर. नोवाल्या मास्तरांना मध्येच अकरा सेकंद खोकला आला. तो कुठल्या बाजूचा धरायचा? घाबरून यसवाल्या बाईंनाही अकरा सेकंद गप्प बसवलं. रेडिओवर अकरा सेकंद फार लांब असतात.
अ‍ॅट्रॅक्टाचं म्हणणं, न्याय घड्याळात नसतो. दोघांना नीट बोलू दे म्हणजे झालं. तिचं काय जातंय?

मंगळवार, ३० सप्टेंबर
कार्यक्रमात फिलोमिना गेराटीचा फोन, रोजच्यासारखा. वय एक्याऐंशी. नवरा पॅकी तीस वर्षांपूर्वी फुलांच्या दुकानवालीकडे राहायला गेला, तेही समोरच्या रस्त्यावर. तेव्हापासून तिच्या घरात फूल येत नाही. चर्चमध्येसुद्धा वेदीवरची फुलं दिसू नयेत म्हणून खांबामागे बसते.
"कॉलमन, बाळा," ती म्हणाली, "सगळ्यांचं ऐकून झालं. तुला काय वाटतं?"
मी म्हणालो, एका बाजूला असं वाटतं, दुसऱ्या बाजूला तसं.
"तुझी आईही अशीच. तीनदा चहा नको म्हणायची आणि मग दोन कप प्यायची."
घाईने गाणं लावलं.
बायकोला आजपासून 'अगं' म्हणायचं ठरवलं. नोरीन हे नाव 'नो'पासून सुरू होतं. सवयीने स्टुडिओत तोंडून गेलं तर?

शनिवार, ४ ऑक्टोबर
छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर. वरचा आकडा आणि खालचा आकडा सारखा का नाही, विचारलं. त्यांनी विश्रांती घ्यायला सांगितली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर, दुपारी १.५०
दहा मिनिटांत मौन सुरू. उद्या मतदान संपेपर्यंत रेडिओवर सार्वमताबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अडीच आठवडे, एकही तक्रार नाही, दोन्ही घड्याळं सारखी. सुटलो.
फिलोमिना काल गेली. फार वाईट वाटलं. रोज फोन करणारी तेवढी एकच होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
आमच्या रेडिओवर रोज पाचला जिल्ह्यातल्या निधनवार्ता असतात, आज मी वाचल्या. फिलोमिनाच्या घरून आलेल्या मजकुराची शेवटची ओळ: 'नो फ्लॉवर्स, बाय रिक्वेस्ट.' म्हणजे फुलं आणू नयेत, ही विनंती. मौन चालू, मतदान उद्यावर, आणि माझ्या तोंडून खणखणीत 'नो' जाणार! तोलायला 'यस' कुठे घालणार? प्रसंगावधान राखून 'नो' गाळला. 'फ्लॉवर्स, बाय रिक्वेस्ट.' एका शब्दाने कुणाचं काय बिघडतं?

शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपारी ३
सकाळी मत दिलं. पेन्सिल हातात घेतली आणि पुन्हा धडधड. 'यस' आणि 'नो', दोन्ही चौकोनांत फुली मारली. बरं वाटलं.
मग फिलोमिनाचं दफन. शवपेटी दिसेना, इतकी फुलं. बाकांवर फुलं, पायऱ्यांवर फुलं. फुलांचं दुकान म्हणे काल तासाभरात रिकामं झालं. सगळ्यात मोठं पुष्पचक्र घेऊन पॅकी आला, शेजारी दुकानवाली. डोळे पुसत भेटेल त्याला सांगत होता, "रेडिओवर ऐकलं. शेवटी माफ केलं तिने मला."
फिलोमिनाची मुलगी ग्रेटा माझ्याकडे बघत होती. मी जाऊन खांबामागे बसलो.

सोमवार, २० ऑक्टोबर
निकाल लागला. कुठला ते लिहीत नाही.
चर्चांबद्दल एकही तक्रार नाही. मी छाती फुगवली. अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, चर्चा ऐकल्याच कुणी? लोक निधनवार्ता ऐकतात आणि रेडिओ बंद करतात. मग तिने एकुलती एक तक्रार पुढे सरकवली. ग्रेटाची.
'आपल्या प्रसारणात एकच बाजू मांडली गेली. माझ्या आईची बाजू "नो" होती. तीस वर्षं तिने ती एकटीने सांभाळली. तिला आपण एक सेकंदही दिला नाही.'
यावर स्टेशनचं उत्तर जायचं होतं. अ‍ॅट्रॅक्टाने विचारलं, "तुला काय वाटतं, कॉलमन?"
एका बाजूला, असं सुरू केलं. वाक्य तिथेच सोडलं. म्हणालो, ग्रेटाचं खरं आहे. तक्रार मंजूर.
उद्यापासून सकाळचा कार्यक्रम दुसरं कुणीतरी करेल.