गाळलेल्या तक्त्याची ओळ

देनपासार,
गुरुवार, १३ जून २०२४

प्रिय देसाक,

स्वस्ति असो, निदान पत्राच्या माथ्यावर तरी असो. तुझ्या फोनवर तू माझा नंबर बंद केलास, म्हणून टपालाला शरण आलो आहे. तिकिटं घ्यायला गेलो तेव्हा पोस्टातल्या बाईंनी रिकाम्या पाकिटावरचं अक्षर बघून विचारलं, "पूजेचं आमंत्रण का?" मी हो म्हणालो. अलीकडे खोटं बोलणं मला सहज जमतं.

सिंगराजाला आईच्या खाणावळीत बसतेस असं कळलं. गिऱ्हाइकांनाही "कितीपैकी किती जेवलात? काय राहिलं? का राहिलं?" असं विचारत असशील. विचारत जा. मला विचारायचीस तेव्हा मी हसायचो.

हॉस्पिटलात लिफ्ट बंदच आहे. संचालकांनी माशांची नवी काचटाकी बसवलीय. मासे दर आठवड्याला बदलावे लागतात. तुझ्या जागी पुस्पावती नावाच्या बाई आल्या. मुलं वाढवून कॉलेजात धाडलीत त्यांनी, त्यामुळे कुणाला भीत नाहीत. मंगळवारी त्यांनी माझी ती कमांड पहिल्यांदा चालवली आणि म्हणाल्या, "गुस दादा, हे तुम्ही लिहिलंय? तुमच्या बोलण्यावरून वाटलं नव्हतं हो. किती सरळ सांगतंय सगळं!"

मी म्हणालो, "शब्द माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

त्याचं उत्तर द्यायला हे पत्र.

कमांड काय करते ते तुला सांगायला नको, पण हे पत्र तुझी आईही वाचेल, म्हणून लिहितो. रुग्णांच्या नोंदींचे तक्ते जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवणं, एवढंच तिचं काम. नऊ वर्षांपूर्वी, संस्कृतची मास्तरकी सोडून मी या धंद्यात आलो तेव्हा लिहिली. सूत्रांवर वाढलेला माणूस मी. एक शब्द वाचवला की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं. म्हणून काम झालं की कमांड फक्त एक आकडा छापायची. किती तक्ते हलले, तेवढा. एखादा तक्ता कुणी दुसऱ्या पडद्यावर उघडा ठेवला असेल, तर त्याला सोडून पुढे जायची. सोडला म्हणून सांगायची नाही. न सांगणं हा मला विनय वाटे.

फेब्रुवारीत तू माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिलीस. "दादा, नुसता आकडा बघून मी काय समजू? एकूण किती होते, कुठला राहिला, का राहिला, हे छापायला तुमचं काय जातं?"

"अगं, जाणकाराला एक अंक पुरतो."

"आणि अजाणाला?"

"त्याने जाणकाराला विचारावं."

खोलीतले सगळे हसले. तूही हसलीस. मग तू चार ओळी एका चिठ्ठीवर लिहून माझ्या कीबोर्डखाली सारल्यास. मी त्यावर चहाचा पेला ठेवला.

न्येपीच्या मौनदिवसाआधी, आदल्या दिवशी काम उरकायचं ही आपली जुनी खोड. दुसऱ्या दिवशी सगळं बाली बेट मुकं; दिवा नाही, रस्त्यावर माणूस नाही. हॉस्पिटल तेवढं चालू, पण आपल्या खोलीतलं कुणी येणार नाही. म्हणून त्या रविवारी तू एकटी बसलीस आणि आम्ही सगळे राक्षसांच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला आपापल्या गावी पळालो. कमांडने २१३ छापलं. तक्ते होते २१४. वरच्या मजल्यावर कुठल्याशा परिचारिकेच्या पडद्यावर ॲलर्जीचा तक्ता उघडा राहिला होता. तू जुना सर्व्हर बंद केलास. नियमाने करायचा असतो तसाच.

न्येपीच्या दुपारी गावच्या राखणदारांनी सुकार्जा मास्तरांना आणलं. तापाने बेशुद्ध. घरात एकटेच राहत; मुलगी सुराबायाला, तिचा नंबर कुणापाशी नाही. डॉक्टरांनी त्यांचं नाव टाकलं, तर ॲलर्जीच्या रकान्यात काही नव्हतं. पेनिसिलिन टोचलं. चार वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात त्या औषधाने मास्तर मरता मरता वाचले होते, आणि ते आपणच नीट नोंदवून ठेवलं होतं.

या वेळी वाचले नाहीत.

चौकशी समितीत तू म्हणालीस, "आकड्याची खात्री नव्हती म्हणून मी सव्वापाचला गुस दादांना फोन केला होता." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत म्हणालो, "मिरवणुकीच्या गोंगाटात फोन वाजला असेल. बोलणं झाल्याचं स्मरत नाही." स्मरत नाही! हजार श्लोक पाठ असलेला माणूस मी, देसाक, आणि ते त्यांनी मान्य केलं. तुला काढलं. माझ्या पाठीवर तज्ज्ञ म्हणून हात फिरवला.

मला शब्दन् शब्द स्मरतो. तू म्हणालीस, "दादा, २१३ आलंय. बरोबर ना?" आमच्या गल्लीचा पुतळा तेव्हाच उचलत होते; त्याचा एक हात विजेच्या तारेत अडकला होता आणि मी खालून ओरडत होतो. एकूण तक्ते किती असायला हवेत हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "आकडा आला ना? मग झालं. घरी जा, पोरी, उद्या मौन पाळायचंय."

तुझी चिठ्ठी मला एप्रिलमध्ये सापडली. चहाचा गोल डाग, पण अक्षर शाबूत. त्यातलं काहीही न बदलता कमांडमध्ये घातलं. आता असला प्रसंग आला तर ती असं छापते:

एकूण तक्ते २१४. हलवले २१३.
राहिला १: रुग्णांची ॲलर्जी.
कारण: दुसऱ्या पडद्यावर उघडा आहे.
काम अपुरं. जुना सर्व्हर बंद करू नका.

चार ओळी. लिहायला मला एक दुपारही लागली नाही.

काल सुराबायाला जाऊन मास्तरांच्या मुलीला भेटलो. सगळं सांगितलं, फोनसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "त्या बाईंना काढलं, ते परत घेतलं का?" वडिलांबद्दल एक शब्द नाही. "नाही," म्हणालो. "मग माझ्याकडे कशाला आलात?" म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

समितीला लेखी कळवलं आहे. नक्कल सोबत जोडतो. पुढच्या बुधवारी दहाला मला बोलावलंय. नोकरी जाईल, बहुधा खटलाही होईल. तुला परत बोलावतील की नाही, ते माझ्या हातात नाही. ते माझ्या हातात होतं तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

यायला हवंच असं नाही. आलीस तर तुझ्याकडे बघून बोलेन, नाही आलीस तरी तेच बोलेन. क्षमा हा शब्द मुद्दाम लिहिलेला नाही. तो लिहिला की वाचणाऱ्यावर उत्तराचं ओझं पडतं.

आईंना नमस्कार सांगावा की नाही, ते तूच ठरव.

ज्याने फोन उचलला होता तो,
इदा बागुस विदाग्दा