यंत्राला ओळखू न आलेली चाल

अण्णा, लाइव्ह तुटलं नाही! आधी एवढंच सांगून टाकते, बाकीचं मागाहून. काल अनंत चतुर्दशीची आरती पहिल्या टाळीपासून शेवटच्या जयघोषापर्यंत अख्खीच्या अख्खी सगळ्यांना दिसली आणि ऐकू आली. आज बँकेत रजा टाकलीय, डब्यात कालचे तळणीचे मोदक आहेत, चहा दोनदा गरम करून झालाय आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायला बसले तर लिहिणं राहील. पण ही बातमी ऐकून मांडीवर थाप मारून हसेल असा माणूस माझ्या ओळखीत एकच होता, मग दुसऱ्या कुणाला सांगू?

लाइव्ह म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगायला हवं. आता फोनलाच कॅमेरा असतो. तो समोर धरला की आपण इथे झाशीत, मंडळाच्या हॉलमध्ये जे म्हणतो ते त्याच क्षणी पुण्यात, इंदुरात, पार अमेरिकेत दिसतं. आपली माणसं पांगली, अण्णा. पोरं नोकऱ्यांमागे गेली, पोरांमागे त्यांच्या आया गेल्या. म्हणून मी मंडळाचं एक चॅनल काढलं. त्यावर दर वर्षीचा गणपती आहे, हळदीकुंकू आहे, बायकांच्या फुगड्या आहेत, आणि तुम्हीही आहात. भावजींनी टेपरेकॉर्डर आणला होता ना, त्या वर्षीचं ते रेकॉर्डिंग. तुम्ही आपल्या जुन्या चालीत आरती म्हणताय आणि मध्येच थांबून कुणावर तरी ओरडताय, "अरे, टाळ वाजवतोयस की भाकऱ्या थापतोयस?" आणि लगेच त्याच सुरात पुढचं कडवं. त्याखाली लोक काय काय लिहितात म्हणून सांगू! सागरहून कुणी लिहिलंय, हमारे नानाजी भी ऐसे ही डाँटते थे. ग्वाल्हेरच्या एका मुलीनं लिहिलंय की ती हे तान्ह्या बाळाला रोज ऐकवते आणि बरोबर ओरडण्याच्या जागी ते बाळ हसतं. घ्या! जन्मभर तुमच्या ओरडण्याला आम्ही घाबरलो, आणि आता त्यावर बाळं हसतात.

तर यंदा स्थापनेच्या दिवशी आरती सुरू झाली, हॉल भरलेला, पेटी, ढोलकी, सगळं झक्क, आणि दुसऱ्या कडव्याला फोनचा पडदा काळा. वर अक्षरं आली की तुमच्या प्रक्षेपणात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आहे. दुसऱ्याच्या? आरती? कुठल्याशा कॅसेट कंपनीनं म्हणे तीच आरती केव्हाची रेकॉर्ड केलीय, आणि आता एक यंत्र बसलंय, ते जगातलं सगळं ऐकतं आणि चाल जुळली की कात्री लावतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी बाजूला ठेवून नुसत्या टाळांवर म्हटली. तरी तेच! दोन स्ट्राइक झाले, म्हणजे दोन ताकिदी. तिसरा झाला की चॅनल कायमचं बंद, म्हणजे तुमची आरती, तुमच्या भाकऱ्या, ग्वाल्हेरच्या बाळाचं हसू, सगळ्याला पूर्णविराम. तुमचं रेकॉर्डिंग मी उतरवून घेतलंय हो, पेन ड्राइव्हवर आहे. पण माझ्या कपाटात पडलेला आवाज सागरला कसा ऐकू जाणार? मी हरकत नोंदवली. चहाला उकळी यायच्या आत उत्तर आलं, तपासून पाहिलं, दावा योग्य आहे. कुणी तपासलं? कशानं तपासलं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अख्खेच्या अख्खे सिनेमे चोरून टाकणारे मजेत आहेत आणि इथे चोर सोडून संन्याशाला सुळी. दोन दिवस मी लाइव्ह बंद ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांवर खेकसत फिरले. जावईबापू तुमचे, ते गुपचूप स्वतःचा चहा स्वतः करून घेत होते.

आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. कुठल्याशा सरकारी कार्यालयातून फोन आला. "मॅडम, आप ही वो लाइव्ह चलाती हैं? परमिशन ली है?" मी म्हटलं, कशाची? तर म्हणे त्योहाराचा वेळ आहे, माहौल नाजूक आहे, तेव्हा लाइव्हवर कोण कोण बोलणार, काय काय गाणार, ते आधी लिहून जमा करा. आणि पुढे ऐका, अण्णा, "आरती के बोल हिंदी अनुवाद के साथ दीजिएगा, हमें मराठी नहीं आती." बाप्पाच्या आरतीचा हिंदी अनुवाद, आगाऊ, दोन प्रतींत! एरवी मी घाबरून दिलाही असता. पण त्या क्षणी मला तुमची कचेरी आठवली. मी तुमचा विसरलेला डबा घेऊन आलेय, दहावीत असेन. लाउडस्पीकरच्या परवानगीचे अर्ज तुमच्या टेबलावरून जायचे आणि तुमच्या समोर टहरौलीचा एक माणूस हात जोडून उभा आहे. त्याला घरच्या अंगणात भजन करायचंय, माइक नाही, मांडव नाही, तरी परवानगी मागायला एवढ्या लांबून आलाय. आणि तुम्ही त्याच्यावर उखडलाय! "बिना माइक के भजन की परमिशन? घर जाओ, गाओ! आज ये माँगोगे तो कल बच्चे के रोने की भी माँगनी पड़ेगी!" तो बिचारा गेला, आणि डबा उघडता उघडता तुम्ही मला म्हणालात, जी गोष्ट कायद्यानं मागावी लागत नाही ती मागू नये; एकदा मागितली की सरकारला सवय लागते. तेव्हा मला त्या माणसाची दया आली होती आणि तुमचा राग. यंदा फोनवर मात्र मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "भैयाजी, किस नियम में लिखा है, बस वो लिखकर भेज दीजिए, मैं तुरंत जमा करा दूँगी." पलीकडून उत्तर, "ऊपर से कहा गया है." मी म्हटलं, "तो ऊपरवालों से ही लिखवा लीजिए." ते लिहून आजतागायत आलेलं नाही. 

पण तो फोन परतवला म्हणून यंत्र थोडंच ऐकणार होतं! मंडळाची बैठक बसली. सेक्रेटरी म्हणाले, झंझट नको, लाइव्ह बंदच करू, चॅनल तरी वाचेल. कुणी म्हणालं, आरती वगळू, नुसती मूर्ती दाखवू. मुक्यानं? मी भांडायला उभी राहणार तेवढ्यात कोपऱ्यातून आत्या बोलली. तुमची धाकटी बहीण, अण्णा, ऐंशी ओलांडलीय, गुडघे गेलेत, तरी रोज रिक्षानं हॉलवर येते आणि वाती वळत बसते. वात वळता वळता, मान वर न करता म्हणाली, "दादाची चाल म्हणा ना. ती कुठे कंपनीकडे आहे? ती तर माझ्याकडे आहे."

 पण खरी गोष्ट ही, की तुमचं रेकॉर्डिंग सगळे ऐकत असले तरी ती चाल म्हणायला कुणाला येतच नाही. आम्ही सगळे कॅसेटच्याच चालीत वाढलो. तुम्हाला आठवतंय का, सदर बाजारातून ती कॅसेट घरी आली तेव्हाची गोष्ट? आई उंबऱ्याशी बसून मोदकांची पारी लाटतेय, तुम्ही दाराशी दूर्वा निवडताय, आणि मी कॅसेटमधली आरती गुणगुणतेय, छान लागलाय सूर असं मला वाटतंय. तुम्ही दूर्वांची जुडी आपटलीत. "बंद कर. ती विकतची चाल आहे. आपले पूर्वज इथे आले, इथल्या होळीच्या फागा ऐकल्या, त्यातला झोका आरतीत आला, त्याला पिढ्या लागल्या. आणि तू दुकानातून आणतेस?" आई म्हणाली, लेकराला गाऊ द्या की. तुम्ही पितळेच्या डब्यावर उलथन्यानं ठेका धरून मला शिकवायला लागलात, मी रडत रडत दोन कडवी म्हटली आणि पळाले. आता फुशारकी मारू नका हं, की मला सगळं आधीच दिसलं होतं म्हणून. तुमचं त्या कॅसेटवाल्याशी भांडण झालं होतं, म्हणून तुम्ही चिडला होतात, मला पक्कं ठाऊक आहे.

मग तालमी. रोज संध्याकाळी बँक सुटली की आत्या खुर्चीत आणि आम्ही खाली सतरंजीवर. बबिन्याहून सुभेदारीण वहिनी यायच्या. त्यांचे मिस्टर तिकडे छावणीत आहेत, माहेर साताऱ्याकडचं, आवाज असा की माइक लाजेल. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आत्याबाई, तुमी म्हना, आमी मागनं वढतो." आणि ओढलंच त्यांनी! आपल्या तरुण पोरांना मराठी कळतं पण जीभ वळत नाही; एकीनं विचारलं, "आत्याजी, ये इतना धीरे क्यों शुरू होता है?" आत्या म्हणाली, "अगं, आधी हळू, मग झोका. झुल्यावर बसल्या बसल्या कुणी उंच जातं का?" आणि कुणी ठेका चुकवला की ती जी ओरडायची ना, डोळे मिटले तर तुम्हीच. मला एकदा म्हणाली, "तू दादाची लेक आहेस का शेजाऱ्याची?" मी भर हॉलमध्ये खो खो हसले. खरं सांगते, तिसऱ्या कडव्यात तो झोका वर जातो ती जागा पहिल्यांदा मला जमली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ही गोष्ट माझ्या घरात होती, आणि मी ती दुकानातून आणलेल्या कॅसेटवर ओवाळून टाकली होती.

कालची संध्याकाळ. फोन मीच धरलाय. सेक्रेटरी देवाऐवजी माझ्याकडेच बघतायत. दाराशी एक शिपाईही येऊन उभा राहिला होता, वरून पाठवलाय की प्रसादाला आलाय कोण जाणे; वहिनींनी त्याच्या हातात झांज दिली. आत्यानं सुरू केलं, हळू. पहिलं कडवं. दुसरं आलं, ज्या ओळीला दोन्ही वेळा पडदा काळा झाला होता ती ओळ आली, आणि मी बाप्पाला सोडून नुसता पडदा बघतेय. ओळ गेली! पडदा तसाच उजळ! यंत्र ऐकत होतं, अण्णा, कान टवकारून ऐकत होतं, आणि त्याला आपण ओळखूच आलो नाही! तिसऱ्या कडव्यात झोका वर गेला तेव्हा मी किंचाळले, ते सगळ्या जगाला ऐकू गेलंय. खालून लोकांचं लिहिणं धो धो यायला लागलं. सागरवाले, इंदूरवाले, कुणी आजीला उठवून बसवलंय, कुणी लिहितंय फिर से, फिर से. ग्वाल्हेरच्या मुलीनं लिहिलं, ये तो वही डाँट वाले दादाजी की धुन है! आम्ही पुन्हा म्हटली. एवढ्या आनंदात विसर्जनाला निघालेला गणपती मी आजवर पाहिला नव्हता. मोरया म्हणताना रडायचं असतं, आम्ही सगळे हसत होतो.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली, मग पत्र राहिलंच. आज चौथा दिवस. पुढचं लिहू की नको असं चाललंय, पण तुमच्यापासून काय लपवायचं.

एका तरुण गायकानं आपली चाल उचललीय. कुठला आहे माहीत नाही, आपल्यातला नाही. आमचं लाइव्ह पाहिलं असणार. त्यावर ढोल घातलेत, मागे व्हायोलिन की काय ते लावलंय, आणि खाली लिहिलंय, मेरी नई रचना. लोक वेडे झालेत. आमच्यापेक्षा कितीतरी जास्त जणांनी ते ऐकलंय, आणि आता आमच्याच आरतीखाली येऊन कुणीतरी विचारतंय, भैया की धुन क्यों चुराई? चोर आम्ही! उद्या त्यानं ती आपल्या नावावर केली तर ते यंत्र पुढच्या वर्षी आपल्याला बरोबर ओळखेल. मी तणतणत आत्याकडे गेले, तिला ऐकवलं. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "गळा गोड आहे गं मुलाचा. गातोय तर गाऊ दे ना." मी म्हटलं, अगं, ही चोरी आहे! तर म्हणाली, "आणि फागांतून आपण काय आणलं होतं, विचारून?" तिच्याशी मी आज बोलले नाही.

तक्रार करायची सोय आहे, अण्णा. तेच बटण, जे त्या कंपनीनं आमच्यावर दाबलं. अर्ज मी भरून ठेवलाय. मूळ मालक कोण, या रकान्यात आधी तुमचं नाव लिहिलं आणि खोडलं. आत्याचं लिहिलं, खोडलं. मग माझं लिहिलं. बटण अजून दाबलेलं नाही. पण सकाळपासून तीन-चारदा तो अर्ज उघडून बघितलाय, आणि त्या रकान्यात माझं नाव वाचून मला बरं वाटतंय.